हजेरीपट आणि धावफलक

साठ-सत्तरच्या दशकांत, फोर्टातील किंवा चर्चगेटजवळील एखाद्या मोठ्या कंपनीच्या दप्तरात, दुपारच्या जेवणाची सुट्टी संपून टंकलेखनयंत्रांचा खडखडाट पुन्हा सुरू होण्याच्या सुमारास, एखादा तरुण कारकून आपल्या टेबलावरील फायली नीट रचून, साहेबांच्या मेजाकडे पाहून किंचित मान लववून, खुर्चीमागे ठेवलेली लांबट कॅनव्हासची पिशवी उचलून निघून जाई, आणि त्याच्या जाण्याचे कोणाला नवल वाटत नसे. तो आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर नाही तर ओव्हलवर सरावाला निघालेला असे. हजेरीपटावर त्याचा पूर्ण दिवस भरलेला असे. आणि त्याने आदल्या सामन्यात शतक झळकावलेले असो की पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडालेला असो, महिन्याच्या पगाराच्या पाकिटात त्यामुळे एका पैचाही फरक पडत नसे. मुंबईने या देशाला जे क्रिकेट दिले, जी चिकाटी, जो सावधपणा आणि विकेट सहजासहजी न देण्याचा जो बाणा दिला, त्याच्या मुळाशी खेळाच्या यशापयशाशी काडीचाही संबंध नसलेले हे वेतन होते, असे माझे मत आहे. मैदानांची, गुरूंची आणि शालेय स्पर्धांची महती आपण पुष्कळ गाइली. या पगाराची बाजू मात्र उपेक्षित राहिली.

त्या क्रिकेटची थोरवी प्रथम आकड्यांत सांगितली पाहिजे. 1958-59 ते 1972-73 अशी सलग 15 वर्षे रणजी करंडक मुंबईबाहेर गेला नाही. एका संघाने राष्ट्रीय स्पर्धेवर इतका प्रदीर्घ अंमल गाजविल्याची उदाहरणे जगाच्या क्रिकेटमध्येही शोधावी लागतील. 2023-24 च्या मोसमात विदर्भाला हरवून मुंबईने हा करंडक मिळविला, तेव्हा ते तिचे 42 वे विजेतेपद होते. याची जी कारणे नेहमी दिली जातात ती खोटी नाहीत. 1897 पासून चालत आलेली हॅरिस शील्डसारखी शालेय स्पर्धा, दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यासारखे एकमेकांशी हाडवैर जपणारे क्लब, आणि ऐन पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग या सर्वांचा त्यात वाटा आहे. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने 1948 साली सुरू झालेली ही लीग पाहण्यासाठी एखाद्या ओल्या रविवारी आझाद मैदानावर अवश्य जावे. एकाच मैदानात 22 खेळपट्ट्या. एका सामन्यातील कव्हरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातील मिडविकेटच्या पाठीला पाठ लावून उभा. घोट्याएवढ्या गवतात जमिनीलगत मारलेला फटका अडकून पडतो, म्हणून धावा हव्या असतील तर चेंडू उचलून मारण्यावाचून गत्यंतर नाही. आणि न झाकलेल्या खेळपट्टीवर तोच चेंडू एकदा सरपटत जातो तर पुढच्या खेपेस छातीवर उसळतो. अशा ठिकाणी ज्याचे चित्त स्थिर राहिले, त्याचे ते लॉर्ड्सवरही स्थिर राहावे, यात आश्चर्य नाही.

परंतु हे सारे शिक्षण घेण्यास माणूस त्या मैदानावर दहा-पंधरा वर्षे टिकला पाहिजे. शाळेत चमकलेला मुलगा विसाव्या वर्षी घरच्या तगाद्याने खेळ सोडून पोटामागे लागला, तर कांगा लीग त्याला काय शिकविणार? गिरणगावातील, गिरगावातील, दादर-माटुंग्यातील कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांत, जेथे दोन खोल्यांत सहा-सात माणसांचा संसार चाले, तेथे थोरल्या मुलाने वयाच्या पंचविशीपर्यंत केवळ खेळत राहावे, ही कल्पनाच असह्य होती. या मुलाला मैदानावर राखून ठेवले ते कंपन्यांनी.

या व्यवस्थेची मुळे फार मागे जातात. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्रथम पारशी क्रिकेटपटूंकडे आणि पुढे गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात महिना तीन-चार रुपयांवर मैदानाची देखभाल करीत, आणि ग्रेग या इंग्रज फलंदाजाला तासन् तास सरावाची गोलंदाजी टाकीत. मुंबईस आल्यावर त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातून ते खेळू लागले. 1911 साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघातून त्यांनी 114 बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद जातीमुळे त्यांना कधीच मिळाले नाही. तो मान 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला, आणि तोही झगडून. जिमखान्याने ज्याला चहा वेगळ्या पात्रात दिला, त्याच्या नावे रेल्वेच्या हजेरीपटावर मात्र इतरांसारखी एक ओळ होती. त्या ओळीने अस्पृश्यता मिटली नाही. परंतु माणसाला उभे राहण्यापुरती जागा मिळाली, आणि हे उपकार त्या काळच्या मानाने लहान नव्हते.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत ही व्यवस्था पूर्ण बहरास आली. कार्यालयीन संघांची टाइम्स शील्ड ही स्पर्धा तिचे मध्यवर्ती पीठ. एसीसी या सिमेंट कंपनीच्या संघात पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी आणि मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई. स्टेट बँकेत अजित वाडेकर. निरलॉनमध्ये सुनील गावसकर, संदीप पाटील आणि रवी शास्त्री. टाटांकडे दिलीप वेंगसरकर. मफतलालकडे अशोक मंकड. कसोटी खेळणाऱ्यांची ही नावे मी केवळ ओळखीची म्हणून दिली. यांच्या मागे, ज्यांची नावे आज कोणी घेत नाही असे शेकडो खेळाडू होते, आणि या व्यवस्थेचे खरे सामर्थ्य त्या शेकड्यांत होते. टाइम्स शील्डच्या साध्या सामन्यात नवख्या पोराला कसोटीवीराच्या समोर उभे राहावे लागे. त्याने टाकलेल्या चेंडूची किंमत तेथल्या तेथे कळे, आणि सोमवारी दोघेही आपापल्या कचेरीत हजर असत.

कंपन्यांनी हे का केले? काहींना जाहिरात हवी होती: वर्तमानपत्राच्या क्रीडापृष्ठावर आपले नाव रोज छापून यावे, ही लहान लालूच नव्हे. काही ठिकाणी मालक किंवा वरिष्ठ अंमलदार स्वतः खेळाचे वेडे होते, आणि नेमणुकीचा कागद त्यांच्या एका शिफारशीवर निघे. आणखी एक कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या संस्थेत हजारो माणसे आयुष्य घालवितात, तेथे त्या माणसांना आपलेपणाने बोलण्यासारखा एखादा विषय लागतो. आपल्या खात्यातला, आपल्या कॅन्टीनमध्ये जेवणारा माणूस वानखेडेवर उतरला, म्हणजे शिपायापासून मॅनेजरपर्यंत सर्वांच्या बोलण्यात दोन दिवस एकच विषय असे. जमाखर्चाच्या वहीत या गोष्टीला रकाना नसतो. तरीही त्या काळच्या व्यवस्थापकांना तिचे मोल कळत होते.

खेळाडूच्या बाजूने पाहिले तर नोकरीवाचून त्याला दुसरा आधारच नव्हता. 1950 च्या दशकात कसोटी सामन्याचे मानधन अडीचशे रुपयांच्या आसपास असे. पुढेही परिस्थिती फार पालटली नाही, याचा पुरावा 1983 च्या विश्वविजयानंतर सर्वांसमोर आला: विजेत्या खेळाडूंचा उचित सन्मान करण्यास क्रिकेट मंडळाजवळ पैसा नव्हता, म्हणून लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या रकमेतून प्रत्येक खेळाडूस एक लाख रुपये देण्यात आले. जगज्जेत्यांची ही कथा, तर राज्यसंघात बाराव्या गड्याच्या जागेवर झगडणाऱ्याची काय असेल? त्याचे घर चालत होते ते कारकुनीवर.

आता या वेतनाने मनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न. अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी केलेले दोन प्रयोग येथे मला फार उद्बोधक वाटतात, आणि योगायोगाने दोन्ही तमिळनाडूच्या ग्रामीण भागात झालेले आहेत.

पहिला प्रयोग आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचा, 2013 साली प्रसिद्ध झालेला. ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदाच पैसा येतो. तोडणीपूर्वीचे महिने ओढगस्तीचे, नंतरचे सुबत्तेचे. संशोधकांनी 464 शेतकऱ्यांची बुद्धीची आणि अवधानाची परीक्षा तोडणीपूर्वी एकदा आणि तोडणीनंतर पुन्हा एकदा घेतली. माणूस तोच, त्याचे शिक्षण तेच, त्याची बुद्धीही तीच. तरी ओढगस्तीच्या काळात त्याची उत्तरे स्पष्टपणे कमी प्रतीची आली. पैशाच्या विवंचनेने त्याच्या चित्ताचा एक हिस्सा जणू गहाण पडला होता आणि उरलेल्या हिश्श्यावर त्याला सारा कारभार करावा लागत होता. ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगाने येणाऱ्या चेंडूची दिशा ठरविण्यास फलंदाजाला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. त्या क्षणी त्याचे संपूर्ण चित्त त्याच्या ताब्यात असणे किती अगत्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

दुसरा प्रयोग डॅन अरिएली, उरी ग्नीझी, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि नीना मझार यांचा, 2009 साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी खेड्यातील माणसांना हस्तकौशल्याचे, स्मरणाचे आणि कल्पकतेचे सहा खेळ खेळावयास दिले. उत्तम खेळणाऱ्यास एका गटात प्रत्येक खेळामागे जास्तीत जास्त 4 रुपये, दुसऱ्या गटात 40, आणि तिसऱ्यात 400 रुपये मिळावयाचे होते. सहाही खेळ उत्तम साधले तर तिसऱ्या गटातील माणसाच्या हाती तेथील राहणीमानाने सुमारे पाच महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम पडली असती. लहान व मध्यम बक्षिसाच्या गटांची कामगिरी जवळजवळ सारखी झाली. सर्वांत मोठे बक्षीस ज्यांच्यासमोर होते, त्यांची कामगिरी सर्वांत वाईट. ज्या हाताने आदल्या दिवशी सहज काम केले असते, तो हात या सहा खेळांवर पाच महिन्यांचा खर्च अवलंबून आहे हे कळताच अवघडला.

या प्रयोगांत क्रिकेट कोठेही नाही, आणि त्यांच्यावरून मुंबईच्या 15 विजेतेपदांची उपपत्ती लावणे हा अतिरेक होईल, याची मला जाणीव आहे. तथापि दोन्हींचा इशारा एकाच दिशेने आहे: उपजीविकेची चिंता मनावरून दूर व्हावी, आणि प्रत्येक चालीवर उपजीविका टांगलेली नसावी. कार्यालयीन क्रिकेटने या दोन्ही अटी, कोणत्याही शास्त्राचा आधार न घेता, केवळ व्यवहारबुद्धीने पुऱ्या केल्या होत्या. स्पर्धा मैदानावर तीव्र ठेवावी आणि पोटापाण्याच्या प्रश्नातून ती पूर्णपणे वजा करावी, ही ती तजवीज.

त्या तजविजीतून जो स्वभाव तयार झाला त्याची साक्ष धावफलकांत सापडते. 1964 च्या जानेवारीत मद्रासच्या कसोटीत बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध 32 षटके टाकली. त्यांपैकी 27 निर्धाव, त्यांतही 21 लागोपाठ. धावा दिल्या अवघ्या 5, आणि बळी एकही नाही. बळी न मिळालेल्या या गोलंदाजीची आठवण साठ वर्षांनंतरही निघते. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकण्याची त्यांची सवय प्रसिद्ध आहे. परंतु 21 षटके मोहाला बळी न पडणे निव्वळ सवयीने साधत नाही. त्याला यशाची घाई नसावी लागते. आणि वाडेकरांचे ते 1971 चे लंडनमधील ओव्हल! विजयासाठी 173 धावा हव्या, इंग्लंडमध्ये भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नाही, अखेरच्या दिवसाच्या आरंभीच कर्णधार 45 वर धावबाद झालेला; आणि परत येऊन हा कर्णधार झोपी गेला, त्याला विजयाची वार्ता जागे करून सांगावी लागली, असे ते स्वतः सांगत. बँकेत हुद्द्यामागून हुद्दा चढत गेलेल्या त्या अबोल गृहस्थाच्या या निद्रेला मी बेफिकिरी म्हणणार नाही. जे आपल्या हाती होते ते करून झाले, उरलेले सहकाऱ्यांच्या हाती आहे, ही जी निवृत्ती, ती वर्षानुवर्षांच्या स्थैर्यातून येते.

परंतु या संपूर्ण व्यवस्थेचे सार्थक मला सर्वाधिक जाणवते ते पद्माकर शिवलकरांच्या कारकिर्दीत. विनू मंकडांची दृष्टी ज्यांच्यावर पडली त्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने 1961-62 च्या मोसमात प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले आणि 124 सामन्यांत 589 बळी घेतले, प्रत्येकी 19.69 धावांच्या सरासरीने. भारताच्या कसोटी संघात त्यांना एकदाही स्थान मिळाले नाही, कारण त्याच काळात, त्याच हाताने, तीच कला दाखविणारे बिशनसिंग बेदी तेथे होते. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकच्या फिरक्या खेळपट्टीवर मुंबईने 151 आणि 113 इतक्याच धावा केल्या. शिवलकरांनी पहिल्या डावात 16 धावांत 8 बळी घेतले, दुसऱ्यात 18 धावांत 5, आणि तमिळनाडूचे डाव 80 आणि 61 धावांत आटोपले. दोन दिवस आणि तिसऱ्या दिवसाचा एक चेंडू, इतक्यात अंतिम सामना संपला. असा पराक्रम केलेल्या माणसाने पुढच्या मोसमाकडे काय म्हणून पाहावे? निवडसमितीने त्याला घेतले नाही, घेणारही नव्हती. तरी ते खेळत राहिले. आणि 1987-88 च्या मोसमात, वयाच्या 47 व्या वर्षी, मुंबईने त्यांना पुन्हा बोलाविले तेव्हाही त्यांचा चेंडू टप्पा सोडीत नव्हता.

निराशा माणसाला कडवट करते, हा नित्याचा अनुभव आहे. ज्याच्या सर्व आशा एका दरवाजावर खिळलेल्या असतात, त्याला तो दरवाजा बंद झाल्यावर दुसरी वाट दिसत नाही. या पिढीच्या खेळाडूंना तशी वाट उपलब्ध होती. सकाळी उठून जाण्याचे एक ठिकाण होते, तेथे त्यांना नाव होते, सहकारी होते, बढतीची शक्यता होती, निवृत्तिवेतन होते. आणि सायंकाळी नेटमध्ये खेळ होता, जो आता कशासाठीही खेळावयाचा उरला नव्हता, म्हणून निर्मळ झाला होता. शिवलकरांना 2017 साली क्रिकेट मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, आणि 2025 च्या मार्चमध्ये ते निवर्तले. त्यांच्या 589 बळींपुढे कसोटीचा रकाना रिकामा आहे याची खंत मुंबईने बाळगली, आणि ती योग्यच आहे. तथापि ते 589 बळी घडले कसे, हा विचारही तितक्याच आदराने झाला पाहिजे.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे मी म्हणत नाही. खेळाडू दुपारी मैदानावर गेला म्हणजे त्याच्या टेबलावरील काम नाहीसे होत नसे. ते शेजारचा कारकून करी, आणि त्याचे नाव कोठेही छापून येत नसे. कित्येकदा एखाद्या वरिष्ठाच्या मेहेरबानीवर नेमणूक होई आणि तोच वरिष्ठ बदलून गेल्यावर रजेची मुभाही जाई. क्रिकेटला जे मिळाले ते कबड्डी, खो-खो किंवा कुस्तीला फार उशिरा आणि फार थोडे मिळाले. हेलसिंकीत 1952 साली कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणाऱ्या खाशाबा जाधवांना पोलिसांत फौजदाराची नोकरी लागली ती 1955 साली; तीन वर्षे हा गोळेश्वरचा मल्ल पदक घेऊन वाट पाहत होता. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे टाइम्स शील्डच्या त्या भरभराटीच्या जगात स्त्रियांना जागाच नव्हती. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

ही घडी विस्कटली ती क्रमाक्रमाने. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्यांबरोबर गिरण्यांच्या खेळसंघांचेही दिवस भरले. निरलॉनचा गोरेगावचा कारखाना बंद पडला. त्या जागेवर आज निरलॉन नॉलेज पार्क नावाचे कचेऱ्यांचे संकुल उभे आहे आणि तेथे दररोज हजारो तरुण संगणकापुढे बसतात. 1991 नंतर खर्चाची काटछाट हे व्यवस्थापनाचे पहिले कर्तव्य ठरले. बँकांनी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आणल्या. अर्धा दिवस मैदानावर जाणाऱ्या माणसाची सबब नव्या व्यवस्थापकास पटवून देणे अशक्य झाले. टाइम्स शील्ड बंद पडली नाही, परंतु कायमच्या नोकरीची जागा पुष्कळ ठिकाणी वर्षावर्षाच्या कराराने घेतली.

त्याच काळात मैदानावरील पैसा मात्र अपरंपार वाढला. 2008 च्या फेब्रुवारीत मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. देशांतर्गत सामन्यांचे मानधनही मंडळाने 2021 साली वाढविले: 40 हून अधिक सामने खेळलेल्या अनुभवी खेळाडूस दिवसाला 60 हजार रुपये, नवख्यास 40 हजार. खेळाडूला त्याच्या श्रमाचे मोल मिळू लागले, हा न्यायच झाला, आणि जुन्या दारिद्र्याचे गोडवे गाण्यास मी तयार नाही. परंतु या पैशाची जात निराळी आहे. अकरांत नाव आले तर पूर्ण मानधन, राखीव राहिला तर निम्मे, वगळला गेला तर शून्य. दोन डाव फसले की मोसमाचे उत्पन्न धोक्यात येते. तमिळनाडूच्या खेड्यातील त्या 400 रुपयांच्या गटात आता संपूर्ण राज्यसंघ बसलेला आहे. मैदानावर बसून तरुण खेळाडूंची बोलणी ऐकली तर धावांइतकाच करार, चाचणी आणि लिलाव यांचा विषय निघतो. आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या मागे महिन्याचे पाकीट नाही.

जुन्या व्यवस्थेने नव्या व्यवस्थेस काय दिले असते, याचे एक बोलके उदाहरण प्रवीण तांबे यांचे आहे. प्रथम दर्जाचा एकही सामना न खेळलेला हा माणूस 2013 साली, वयाच्या 41 व्या वर्षी, राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरला आणि पुढच्याच वर्षी त्याने त्रिक्रम केला. वृत्तपत्रांनी त्यास चमत्कार म्हटले. चमत्कार कसला? त्याआधीची कित्येक वर्षे तांबे ओरिएंट शिपिंगसारख्या कार्यालयीन संघांतून टाइम्स शील्ड खेळत होते, आणि मध्यमगती गोलंदाजी सोडून लेगस्पिनकडे ते वळले तेही तेथेच, कर्णधाराच्या सल्ल्यावरून. रूढ गोलंदाजी टाकून तिशीच्या आसपास नवी, अवघड विद्या आरंभापासून शिकण्याची मोकळीक केवळ त्यालाच मिळते, ज्याचे अन्न दरम्यानच्या अपयशावर अवलंबून नसते.

खेळाडूला नोकरीवर ठेवून त्याची वाट पाहण्याची ही वृत्ती आज मुख्यतः रेल्वे, पोलीस, सैन्यदले आणि काही सार्वजनिक उपक्रमांत उरली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे 2015 साली मध्य रेल्वेत लागले आणि तिकीट तपासनीस झाले. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत 451.4 गुण मिळवून त्यांनी कांस्यपदक पटकाविले. खाशाबांच्या पदकानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्रातील खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. आपल्यासारखेच एके काळी रेल्वेत तिकिटे तपासणारे महेंद्रसिंग धोनी हे त्यांचे प्रेरणास्थान. नेमबाजी हा तर श्वास आणि नाडी यांवर ताबा ठेवण्याचा खेळ. रेल्वेच्या सेवेत नऊ वर्षे काढून हा मनुष्य त्या ठिकाणी पोहोचला, हे मला त्याच्या गुणांइतकेच महत्त्वाचे वाटते.

आणि स्त्रियांचे क्रिकेट तर रेल्वेवाचून उभेच राहिले नसते. भारतीय महिला क्रिकेट संघटना 1973 साली स्थापन झाली, आणि 2006 साली ती पुरुषांच्या मंडळात विलीन होईपर्यंत खेळाडूंनी अनारक्षित डब्यांतून प्रवास केला, वसतिगृहांच्या जमिनीवर पथाऱ्या टाकल्या. मुंबईच्या डायना एडलजी या पश्चिम रेल्वेत होत्या, आणि रेल्वेने महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या द्याव्यात यासाठी त्यांनी जी वर्षानुवर्षे खटपट केली, तिची योग्य नोंद आपल्या क्रीडा-इतिहासाने अद्याप घेतलेली नाही. मिताली राज रेल्वेतल्या. पंजाबातील मोग्याच्या हरमनप्रीत कौर 2014 साली पश्चिम रेल्वेत लागल्या आणि मुंबईस आल्या, त्यामागे एडलजींचीच शिफारस होती. तीन वर्षांनी डर्बी येथे विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 171 धावा करून त्यांनी देशाचे लक्ष या खेळाकडे वळविले. ज्या काळात महिला सामन्याला प्रेक्षक नव्हते, प्रायोजक नव्हते आणि मानधन नाममात्र होते, त्या काळात एखाद्या मुलीच्या वडिलांना ‘ती खेळते’ याऐवजी ‘ती रेल्वेत आहे’ असे नातेवाइकांना सांगता येणे, यानेच कित्येकींचे खेळणे वाचले.

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीत यांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेस 52 धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. संघातील प्रतिका रावल, रेणुका ठाकूर आणि स्नेह राणा या रेल्वेच्या सेवेत आहेत. संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार: पदार्पणाच्या रणजी सामन्यातच 260 धावा करून, पुढे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये 11 हजारांहून अधिक धावा जमवून, शिवलकरांप्रमाणेच कसोटीवाचून राहिलेले मुंबईकर. 2022 पासून महिला व पुरुष आंतरराष्ट्रीय खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान झाले आहे, आणि 2023 पासून महिलांचाही लिलाव होतो. त्या लिलावात बोली लागते ती काही थोड्या जणींवर. राज्यसंघांतून आणि त्याखालच्या वयोगटांतून खेळणाऱ्या ज्या असंख्य मुली उरतात, त्यांच्या घरी आजही खेळाडूंच्या कोट्यातील रेल्वेभरतीची जाहिरात लिलावाच्या बातमीहून अधिक काळजीपूर्वक वाचली जाते, आणि त्या जाहिरातीतील जागांची संख्या दरवर्षी किती ठेवावयाची, हा प्रश्न रेल्वे मंत्रालयाने केवळ आस्थापनेच्या खर्चाचा म्हणून सोडवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.